मिरीच्या शेपटीचा मफलर

उंदरांच्या घरात एक नियम होता.
लांब शेपटीवाल्याला आधी!
का, ते विचारायचं नाही.

मिरी उंदरी स्कॉटलंडला आली होती. आजोबांबरोबर, आत्याबरोबर, लवंग्यादादाबरोबर.
आता विमानाने घरी जायचं. पण आधी खरेदी!

दुकानात मिरीला मफलर दिसला. लाल-हिरव्या चौकड्यांचा. शेपटीएवढाच. आणि एकच!
आत्याने तो उचलला. लवंग्याच्या शेपटीला बांधला.
“मला आधी दिसला होता!”
“तुझी शेपटी एवढीशी. तुला कशाला गं?” आत्या म्हणाली.
लवंग्याने शेपटी नाचवली. “बघ बघ, कसा शोभतोय!”
मिरीचे गाल फुगले. टम्म! पोट फुगलं. टम्म!
“दादाला आहे, मला नाही!”

तुरुतुरु गेली विणकरकाकूंकडे.
“काकू काकू, मफलर द्या.
दादाला आहे, मला नाही!”
“आधी लोकर आण.”

तुरुतुरु गेली मेंढीकडे.
“मेंढीताई, लोकर दे.
लोकर काकूंना, मफलर मला.
दादाला आहे, मला नाही!”
“बेंऽ! आधी माझ्या कोकराला दूध आण.”

तुरुतुरु गेली झिपऱ्या गाईकडे.
“गाईमावशी, दूध दे.
दूध कोकराला, लोकर काकूंना, मफलर मला.
दादाला आहे, मला नाही!”
“हम्माऽ! डोळ्यांवर झिपऱ्या. कोकरू दिसतच नाही! आधी वारा आण.”

तुरुतुरु गेली बॅगपाइपकडे. मोठ्ठी पिशवी, तिला लांब पिपाण्या.
“बॅगपाइपकाका, वारा द्या.
वारा गाईला, दूध कोकराला, लोकर काकूंना, मफलर मला.
दादाला आहे, मला नाही!”
“माझं पोट रिकामं. आधी फुंक मार.”

फुंक? मिरी तर टम्म भरली होती!
“दादाला आहे, मला नाही! फूऽऽऽऽ!”

बॅगपाइप वाजला, पँऽऽ पँऽऽ!
वारा सुटला, सूंऽऽ सूंऽऽ!
झिपऱ्या उडाल्या, भुर्र!
गाईने दूध दिलं.
कोकरू दूध प्यायलं, लुचूलुचू.
मेंढीने लोकर दिली.
काकूंनी माग चालवला, खटखट खटखट.
झाला मफलर! निळ्या-पिवळ्या चौकड्यांचा.

मिरीने तो शेपटीला बांधला. ऐटीत विमानाकडे निघाली.
लवंग्याने पाहिलं. आता त्याचे गाल फुगले.
“मला नको लाल! मला निळा हवा!”
“दे गं, मिरी,” आजोबा म्हणाले. “लांब शेपटीवाल्याला आधी.”
“नाही देणार! मी का द्यायचा?”
आजोबांनी आत्याकडे पाहिलं.
आत्याने आजोबांकडे पाहिलं.
मिरी निळा मफलर मिरवत विमानात चढली.