उत्तर वाटेत आहे

"किती वेळ थांबला तू, उत्तरासाठी?" रतनगीर बाबांनी विचारलं.

"दहा सेकंद," डॉ. निरंजन गावंडे म्हणाला. "चाचणीचा नियमच आहे तो. आपण पाच आकडे सांगायचे, रोग्यानं तेच परत म्हणायचे. दहा सेकंदांत नाही म्हटले, तर शून्य."

"अन् लिहिलं शून्य?"

"सहा वेळा विचारलं. सहाही वेळा शून्य."

बाबा भिंतीला टेकून बसलेल्या प्रल्हादकडे नुसतं पाहत राहिले...

पूर्णेच्या काठच्या या मठात एकतीस वेडे होते. कुणाला बसनं आणून सोडलेलं, कुणाला टेम्पोतून. सोडून जाणाऱ्यांनी वहीत लिहिलेले पत्ते बहुतेक खोटे. प्रल्हाद त्यातलाच, एकोणीस वर्षांपासूनचा. निरंजनचा सख्खा थोरला भाऊ.

निरंजन मात्र पुढे मोठा डॉक्टर झाला. मानसिक आजारात माणसाची विचारशक्ती का खचते, मेंदूचा नेमका कुठला भाग मंद पडतो, याचं त्याचं संशोधन परदेशात वाचलं जाई. दोनशे मेंदूंची स्कॅनवर चित्रं त्यानं काढली होती. भावाचं राहिलं होतं. त्यासाठीच आज गाडी फाटकाशी उभी होती.

प्रश्न फक्त संमतीचा होता. तोही सोपा. ज्याला समजत नाही, त्याच्या वतीनं नातेवाइकानं सही करायची. नातेवाईक निरंजनच. आणि समजत नाही, हे ठरवणाराही निरंजनच.

"यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचं काम मंदावतं, बाबा."

"मंदावते म्हणजे थांबते का?"

"तेच शोधतोय."

"दहा सेकंदांत?"

निरंजनचे कान तापले. एवढ्यात कोपऱ्यातली हिरव्या लुगड्याची बाई, कुणाकडेही न बघता, स्वच्छ आवाजात म्हणाली, "वावरात."

बाकीचे तीस जण हलले नाहीत. पौषातलं ऊन त्यांच्या उघड्या डोळ्यांवर पडलं होतं, तरी एकाचीही पापणी लवली नाही.

"ही असंबद्ध बडबड," निरंजन म्हणाला. "आजाराचं लक्षण आहे."

"पोळ्याच्या दिवशी पोस्टमननं इचारलं होतं तिले, नवरा कुठी हाये म्हणून."

"पोळ्याला चार महिने झाले, बाबा!"

"तिचं लवकर येते."

निरंजन हसला. एकटाच.

"इथं एक गोष्ट दुसऱ्यांदा इचारत नाही आम्ही," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांदा इचारली, की ते आलेलं उत्तर अर्ध्यातून माघारी जाते. पुन्हा पहिल्यापासून निघते."

"बाबा, मी मेंदूचा अभ्यास करतो. कीर्तन नाही करत."

त्यानं कागद मांडीवर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं, आणि प्रल्हादचे ओठ हलले.

"नको."

निरंजनच्या हातातलं पेन थांबलं. प्रल्हाद पंचेचाळिशीचा होता, दाढी पांढरी झाली होती. आवाज मात्र पंचविशीतल्या पोराचा होता.

"बघा! स्कॅनला नको म्हणतोय."

"त्याचं तू सांगितलं त्याले. इचारलं कुठी?"

खरंच, विचारलं नव्हतं. सकाळपासून विचारले होते ते आकडे. आकड्यांचं उत्तर 'नको' कसं असेल? मग याआधी त्यानं दादाला काय विचारलं होतं? मागच्या दिवाळीत तो आला, तेव्हा फराळाचा डबा ठेवून अर्ध्या तासात गेला होता. त्याआधी दोन वर्षं आलाच नव्हता. त्याआधी...

एकेक वर्ष मागे जाता जाता तो पहिल्या दिवसाशी पोचला. भिंत हीच. टेम्पोचं इंजिन चालू होतं आणि वडील खाली उतरायलाही तयार नव्हते. त्यानंच वाकून विचारलं होतं, "दादा, तुला इथं ठेवलं तर चालेल ना?"

मग टेम्पोत चढून त्यानं वडिलांना सांगितलं होतं, "काही बोलला नाही. चालेल त्याला."

पेन जमिनीवर पडलं. ते उचलायचं त्याला सुचलं नाही.

"ऐकलं तुम्ही, बाबा?" निरंजननं विचारलं. "एकोणीस वर्षं... हे एवढंच म्हणत होता तो?"



निरंजन गुडघ्यांवर सरकत भावापुढे गेला. कागदाचा बोळा करून त्यानं खिशात कोंबला.

"दादा, घरी येतोस माझ्याबरोबर?"

प्रल्हाद त्याच्या आरपार कुठंतरी बघत होता.

दहा सेकंद गेले. मग तास गेला. फाटकाबाहेरचा ड्रायव्हर एकदा डोकावून परत गेला. भिंतीवरचं ऊन उतरून अंगणात आलं, आणि अंगणातूनही गेलं.

निरंजननं पुन्हा तोंड उघडलं. "दादा, घ..."

बाबांनी झटकन पुढे होऊन त्याच्या तोंडावर तळवा दाबला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. भिंतीकडचे एकतीसही चेहरे त्या क्षणी निरंजनकडे वळलेले होते.

बऱ्याच वेळानं बाबांनी हात काढला.

"मी किती थांबू?" निरंजननं कुजबुजत विचारलं.

बाबांनी पायरीकडे बघितलं.

"बूट आत आणून ठेव. पावसाळ्यात भिजतील."