खांबातलं भोक

नवं यंत्र शोधेल त्यानंच ते दहा वर्षं विकावं, असा महाराजांचा हुकूम होता. कोंडाजी सुतारानं शेंगा फोडायचं यंत्र केलं, तर सरदार हैबतराव तसंच यंत्र घेऊन दरबारात गरजले, "शोध माझा आहे. या चोराला हद्दपार करा!"

दोन्ही यंत्रं हुबेहूब सारखी होती, अगदी खांबातल्या भोकासकट.

कोंडाजीनं घाम पुसत हैबतरावांना विचारलं, "सरकार, खांबाला हे भोक कशाला पाडलंत?"

"वारा खेळायला!"

"महाराज, लाकूड कमी पडलं म्हणून मी लेकीच्या जुन्या पाळण्याचा खांब बसवला. ते भोक पाळण्याच्या दांडीचं आहे. जोडीचा खांब सोबत आणलाय, त्यालाही तेच भोक आहे. आता सरदारांना विचारा, त्यांच्या यंत्रात कुणाचं बाळ झोपायचं?"