कवडूची वीण

माणसं नुकती विहिरी खणायला शिकली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यातल्या कवडूची चोच जन्मापासून आखूड. शेजाऱ्यांचं पाहून तोही गवताची लांबलचक पाती आणून घरटं विणायचा, पण वीण सैल पडायची. मादी यायची, घरटं हलवून बघायची आणि उडून जायची.

"आत्या, माझी चोचच वाईट," तो म्हाताऱ्या ठकूआत्याला म्हणाला.

"चोच चांगली आहे रे. पाती मात्र तू दुसऱ्यांच्या मापाची आणतोस."

कवडूने सैल घरटं स्वतःच मोडलं आणि आखूड पाती आणली. गाठी दुप्पट माराव्या लागल्या. शेजाऱ्यांच्या घरट्यांत पिल्लं चिवचिवू लागली, तरी हा आपला विणतच होता. कुणी हसलं तरी मान वर करत नव्हता.

एका वादळी दुपारी एक मादी आली. तिने घरटं ओढलं, हिसडलं, वर बसून झोके घेतले. एकही पातं निसटलं नाही.

"असं विणायला कुठे शिकलास?"

"चुकत चुकत," कवडू म्हणाला.

ती आत शिरली. बाहेर आली ती आत अंथरायला मऊ गवत शोधायलाच.