आबांच्या गोष्टीला हूं कोण म्हणणार?

फार जुनी गोष्ट आहे. एका गावात एक आबा राहायचे. त्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं, पण गोष्ट अशी सांगायचे की डोळस माणसांनी डोळे मिटून ऐकावी. उन्हं कलली की देवळामागच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली जायची, आबा खाकरायचे आणि गाव गोळा व्हायचं.

गोष्ट ऐकायची म्हणजे हुंकार द्यायचा, ही तिथली रीत. आबा म्हणायचे, "एक होता धनगर." गाव म्हणायचं, "हूं." "त्याची एक मेंढी हरवली." "हूं." मध्येच कुणी विचारायचं, "कशी काय हरवली?" दुसरा म्हणायचा, "आबा, काल तर तुम्ही दोन म्हणालात." मग आबा खोटं खोटं रागवायचे, "आता सांगू का नको?" आणि दुप्पट रंगात येऊन सांगायचे.

एकदा त्या गावात एक शहाणे पाहुणे आले. असे पाहुणे प्रत्येक गावात कधी ना कधी येतातच. त्यांनी गोष्ट ऐकली आणि उठताना गावकऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "एवढा गुणी माणूस, आणि त्याच्यापुढे तुम्ही गोठ्यातल्यासारखं हूं हूं काय करता? राजाच्या दरबारात कथा चालते ना, तेव्हा श्वासाचाही आवाज येत नाही."

गाव ओशाळलं. इतकी वर्षं आपण आबांचा अपमान करत होतो, असं प्रत्येकाला मनापासून वाटलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून गेले, त्यांचं शहाणपण तेवढं मागे राहिलं. लिंबाखाली सगळे तोंडाला कुलूप लावून बसायला लागले. खोकला आला तर लांब जाऊन खोकायचे. पोरं कुजबुजली तर पाठीत धपाटा बसायचा. सगळं आबांवरच्या मायेपोटी, बरं का. फक्त ते आबांना कुणी सांगितलं नाही.

गोष्ट संपली की माणसं घरी जायची आणि मग चुलीपुढे, विहिरीवर, बांधावर दुसरा विषय नाही. आबांच्या कानावर त्यातलं एक अक्षर पडत नव्हतं. 'आपण काय सांगायचं? दुसरं कुणीतरी सांगतच असेल,' असं जो तो म्हणायचा. आता सगळेच असं म्हणाले तर सांगणार कोण, माझं कपाळ?

एके दिवशी गोष्टीत पूर आला आणि धनगराचा काळा कुत्रा त्यात वाहून गेला. त्या संध्याकाळी आबा घरी आले ते जेवायलाच बसेनात. त्यांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, विचारलं, "काय बिनसलं?"

"एवढा जिवाभावाचा कुत्रा मारला मी आज. आणि एकाच्या तोंडून साधं च्च निघालं नाही. माणसं यायची बंद झाली वाटतं."

"असं कसं? सगळं गाव बसलेलं असतं. मला दिसतं की."

"बसत असेल. लिंबाच्या सावलीला गुरंही बसतात," आबा म्हणाले. "मला माणसांची तोंडं दिसत नाहीत गं. त्यांचा हूं ऐकला की कळतं, कुणीतरी माझ्याबरोबर चाललंय. हल्ली वाटतं, मी एकटाच रानात बडबडत निघालोय."

आबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "उद्या मी गोष्टीत मुद्दाम तीन चुका करणार. चांगल्या मोठमोठ्या. कुणी ऐकत असेल तर अडवेल मला. नाही अडवलं, तर परवा आपण पुतण्याच्या गावी राहायला जायचं. गोष्टी कायमच्या बंद. तू गावात हे कुणाला सांगायचं नाही. आणि उद्या स्वतःही हूं करायचं नाही. तुझा हूं मी हजारात ओळखतो."

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. आजी पदराचा बोळा तोंडात धरून पुढेच बसल्या होत्या.

आबांनी सुरुवात केली. "धनगराची म्हातारी ठार बहिरी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तर तिने लांबून लेकाची शीळ ऐकली आणि ती दारात आली."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बहिरीने शीळ कशी ऐकली? पण थोरामोठ्यांची चूक काढायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सगळे गप्प.

आबांनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाले, "हरवलेली मेंढी पांढरीशुभ्र होती. तिचं काळंभोर अंग धनगराला लांबूनच दिसलं."

गावच्या पाटलांच्या ओठापर्यंत शब्द आला, तो त्यांनी मिशीतल्या मिशीत दाबून टाकला. आजींचे डोळे भरून आले. आता एकच चूक शिल्लक होती.

"मग दमलेला धनगर झाडाखाली टेकला," आबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्याने भाकरीचं फडकं सोडलं, आणि त्याचा काळा कुत्रा शेपूट हलवत शेजारी येऊन बसला."

कुणी काही बोललं नाही. आबांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं. "बरं तर," ते म्हणाले आणि काठीसाठी चाचपडायला लागले.

सगळ्यांच्या मागे चिमाक्का बसली होती. ही चुरमुरे विकायची. बाजारात तिच्याशी बोलण्यात कुणी जिंकलं नसेल, पण चार माणसांत बसली की 'आपल्याला काय कळतंय' म्हणून ती तोंड उघडत नसे. आज तिला राहवलं नाही.

"आबा, तो कुत्रा काल मेला की हो."

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी तिला गप्प बस म्हणून दटावलं. ती आता थांबणार नव्हती. "काल पुरात गेला तो. तुम्हीच सांगितलंत. मला रात्री घास उतरला नाही त्याच्यापायी. चुरमुरे उघडे राहून सादळले, तरी मी जागची उठले नाही. आणि आज म्हणता शेजारी येऊन बसला? रडवायचं तर रडवा आबा, पण अशी थट्टा करू नका."

आबांचा हात काठीवरच थांबला. "तू जेवली नाहीस?"

"नाही."

"मीही नाही जेवलो," आबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मग काय विचारता! पाटील म्हणाले, मेंढी पांढरी होती. कुणी म्हणालं, म्हातारीला ऐकू येतच नाही. एक बाई म्हणाली, माझी पोर कालपासून कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीय. सगळे एकदम बोलत होते आणि आबा रडता रडता हसत होते.

"मग इतके दिवस होतात कुठं रे?" त्यांनी विचारलं.

पाटलांनी मान खाली घातली. "इथंच होतो आबा. तुमचा मान राखत होतो."

"मान राखायला मी काय देव्हाऱ्यात बसलोय? तुमच्या या मानापायी मी उद्या गाव सोडून चाललो होतो."

हे ऐकून माणसं आबांच्या जवळ सरकली. आजींनी मात्र तोंडातला पदर काढला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "हूं." तेव्हा कुठे लोकांना हसू फुटलं.

हसणं ओसरल्यावर चिमाक्का हळूच म्हणाली, "आबा, एक विचारू? तो वाहून गेला असं तुम्ही म्हणालात. मेला असं आम्हीच धरलं. पलीकडच्या काठाला लागला असेल तर?"

आबांनी तर त्याला मारलंच होतं. गोष्ट पुढे कुठे जाणार, हेही केव्हाच ठरलेलं होतं. पण त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मांडी नीट घातली.

"तू म्हणतेस तर असेल. चला, काठावर जाऊन बघू. तर मंडळी, पुराचं पाणी ओसरलं."

"हूं," सगळं गाव म्हणालं.

तात्पर्य: मनातल्या मनात दिलेली दाद सांगणाऱ्याला ऐकू येत नाही. आणि ब्लॉग लिहिणाऱ्यालाही वाचणाऱ्याचं तोंड दिसत नाही, म्हणून इथवर वाचलंत ना, तर खालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत नुसतं 'हूं' लिहून जा. माझी एखादी चूक सापडली असेल तर आधी ती लिहा.