झोळी टांगायची कुठं?

आटपाट नगर काही नव्हतं बरं का. एक लहानशी वाडी होती आणि वाडीच्या कडेला झेंडूची बाग होती. बाग कसली, नुसता रंगांचा पूर! इकडे पिवळाधमक, तिकडे केशरी, मधेच लालसर झाक असलेला मखमली. झेंडूला कुणी नाकं मुरडतात, मुरडू देत बापडे. मला तर तो फार आवडतो.

त्या बागेच्या बांधाला लागून एक इवलंसं खोपट होतं. तिथं राहायची झुंबर. तिच्या फ्रॉकला दोन ठिगळं होती, एक निळं आणि एक गुलाबी. गुलाबी ठिगळाचा तिला भारी अभिमान! तिच्या कडेवर दिवसभर तिचा गुबगुबीत भाऊ गुंडू असायचा. बाबा देवाघरी गेलेले. घरात आई, झुंबर आणि गुंडू, एवढीच माणसं.

आईचं नाव हौसा. दरवर्षी दसऱ्याला हौसा या बागेत फुलं तोडायला जायची. या वर्षी मात्र ती गेलीच नाही. चूल रोज पेटायची, पण तिच्यावर कधी भात शिजायचा, कधी नुसतंच पाणी उकळायचं. एके दिवशी आईनं झुंबरला जवळ घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “झुंबरे, दसरा झाला की मी गुंडूला घेऊन शहरात जाते हं. एका घरी काम मिळालंय. बाळाला जवळ ठेवू देतात तिथं. पण खोली टीचभर आहे गं, तिघं मावायची नाहीत. तू आत्याकडे राहशील ना? शहाणी ना माझी ती?”

झुंबर “हो” म्हणाली. मग खोपटामागं जाऊन खूप रडली. आत्याचं गाव डोंगरापलीकडे होतं. तिथं आई नव्हती आणि गुंडूही नव्हता. कोपऱ्यात आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं तयार होतं. झुंबर त्याच्याकडे बघायचंच टाळायची.

आता बागेच्या मालकांचं ऐका. त्यांचं नाव भैरूअण्णा. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. मन वाईट नव्हतं हो, कान तेवढे जरा आखूड! दसरा आला चार दिवसांवर, बाग फुलांनी वाकलेली आणि तोडायला माणूस नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कोण विचारतं? अण्णांनी मजुरी वाढवली. कुणी आलं नाही. आणखी वाढवली. तरी नाही. मग टेम्पोला कर्णा बांधून वाड्या-वस्त्यांवर धाडला.

“चला होऽऽ, फुलं तोडायला चला! मजुरी जास्त! वर चहा! वर गरमागरम भजी होऽऽ!”

टेम्पो परत आला तेव्हा त्यात ड्रायव्हर होता, कर्णा होता आणि रिकामी परात होती. भजी वाटेत ड्रायव्हरनंच संपवली होती. मग अण्णांनी कुठूनसं एक यंत्र आणलं. त्यानं फुलं तोडली, कळ्या तोडल्या, पानंही तोडली आणि शेवटी अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल गिळून बंद पडलं.

“माणसं आळशी झालीत, दुसरं काय!” अण्णा बांधावर उभं राहून गरजले. ऐकायला फक्त झुंबर आणि गुंडू होते. गुंडूला ते फार आवडलं. तो टाळ्या वाजवायला लागला.

बागेच्या मधोमध एक झाडाचा बुंधा होता. तिथं पूर्वी करंजाचं मोठं झाड होतं, गर्द, गार सावलीचं. उन्हाळ्यात अण्णांनी ते तोडून टाकलं. “याच्या सावलीत झेंडू धरत नाही,” असं म्हणाले. खरंच, झेंडूला ऊनच लागतं. झाड गेलं आणि चार सऱ्या जास्तीच्या लागल्या. बुंधा मात्र तसाच राहिला. त्याच्या सालीतून एक कोवळा, पोपटी, चिमुकला कोंब आला होता. कोंबाला पानं होती मोजून तीन. झुंबर रोज आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी त्याला घालायची.

“पी रे बाबा,” ती म्हणायची, “तुलाही ऊन लागत असेल ना?”

त्या दिवशी पाणी घालता घालता तिच्या डोळ्यांतलं एक टपोरं आसूही कोंबावर पडलं. आणि अहाहा! पानामागून सोनेरी उजेड झिरपला आणि एक इवलीशी परी बाहेर आली. झेंडूच्या फुलाएवढी! तिचे पंख करंजाच्या फुलांसारखे, पांढरे आणि कडेला फिक्कट जांभळे. पायांत दवाचे पैंजण रुणझुणत होते.

“झुंबर बाळा, रडतेस का गं?” परीनं विचारलं. “मी करंजपरी. या झाडात माझं घर होतं. कुऱ्हाड बसली तेव्हा साऱ्या पाखरांनी बिऱ्हाडं हलवली. माझ्यासाठी पाणी आणलंस ते तू एकटीनं. तुझे उपकार मी कशी विसरू? माग, काय हवं ते माग.”

झुंबरचे डोळे लकाकले. “खरंच, परीताई?”

“खरंच. पण नियम नीट ऐक. एक इच्छा मागितलीस की या कोंबाचं एक पान गळेल. जे मिळेल ते सूर्य मावळेपर्यंतच टिकेल. मला माणसं घडवता येत नाहीत आणि कुणाचं मनही वळवता येत नाही. आणि तिसरं पान गळलं की हा कोंब सुकेल. मग मलाही दुसरं झाड शोधावं लागेल.”

झुंबरनं विचार केला. बागेचं काम झालं की अण्णा खूश होतील, आईला कायमचं कामावर ठेवतील आणि कुणाला कुठं जावं लागणार नाही. “परीताई, ही सगळी फुलं तोडून दे!”

टप्! एक पान गळलं. आभाळातून चिवचिव करत मुनियांचा थवा उतरला. इवल्या लाल चोची, इवले ठिपकेदार पंख! त्यांनी कडेच्या दोन-चार सऱ्यांतली फुलं तोडली खरी, पण टोपलीत कोण टाकणार? एका मुनियेनं फूल उचललं की दुसरी ते ओढायची आणि पाकळ्या वाऱ्यावर. एक तर अण्णांच्या पागोट्यात घरटं बांधायला बसली! अण्णा हातवारे करत बागभर धावले. सूर्य मावळला तेव्हा मुनिया विरून गेल्या. पाकळ्यांचा पसारा तेवढा उरला.

“अगं बाई! हे काय होऊन बसलं?” झुंबर रडवेली झाली.

परी पानाच्या टोकावर बसून पाय हलवत होती. “सोनुले, एक सांगू? माणसं का येत नाहीत, हे माणसांनाच विचारलंस का तू?”

नव्हतं विचारलं. कुणीच नव्हतं विचारलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूला कडेवर घेऊन झुंबर वाडीत निघाली. पहिलं घर बबीवहिनीचं. बबीवहिनी म्हणाली, “माझे दोन्ही दीर कंपनीत लागले गं शहरात. ते काही आता फुलं तोडायला येत नाहीत. त्यांचं चांगलं चाललंय, देवाची कृपा. मी आले असते, पण…” आणि तिनं पाळण्यातल्या तान्ह्या पोरीकडे पाहिलं. “हिला कुठं ठेवू?”

पुढचं घर तानूकाकीचं. तानूकाकी फुलं तोडण्यात सगळ्यांत चपळ. ती म्हणाली, “पूर्वी करंजाच्या फांदीला झोळ्या टांगायचो आम्ही. लेकरं वाऱ्यावर झुलत निजायची, आमचे हात फुलांत. आता आश्विनातलं ऊन, चटके बसतात नुसते! मजुरी वाढवली म्हणून लेकरू भाजायला घालू होय?”

म्हातारी सखूआजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “मला तर लेकरू न्हाई बाई. पर दुपारची भाकरी कुठं बसून खाऊ? टाळक्यावर ऊन घेऊन घास उतरत न्हाई.”

झुंबर घरी आली. तिनं आईला विचारलं, “आई, तूसुद्धा म्हणूनच गेली नाहीस?” आईनं गुंडूचा पापा घेतला आणि पदरानं त्याचा घाम पुसला.

मग काय! झुंबर धावतच बुंध्यापाशी गेली. “परीताई, करंज परत दे! सूर्य मावळेपर्यंत का होईना!”

टप्! दुसरं पान गळलं. आणि काय सांगू, बुंध्यातून हिरवाकंच उजेड उसळला. उजेडाचं खोड झालं, खोडाच्या फांद्या झाल्या, फांद्यांवर लखलखती पानं सळसळली. गार, दाट सावली बागेत पसरली. वाडीतून ते झाड दिसलं. आधी तानूकाकी आली, मग बबीवहिनी, मग सखूआजी आणि मग सगळ्याच. कुणी हाक मारली नव्हती की कर्णा वाजला नव्हता. हौसाही आली. फांद्यांना लाल, निळ्या, पिवळ्या झोळ्या लागल्या आणि त्यांत बाळं झुलायला लागली. बायकांनी पदर खोचले. गाणी म्हणत, एकमेकींची थट्टा करत त्यांनी टोपल्यांवर टोपल्या भरल्या. मुनियांना जे जमलं नाही ते या हातांनी असं अलगद केलं की एक पाकळी मोडली नाही.

भैरूअण्णा आ वासून बघत राहिले.

संध्याकाळ झाली. सूर्य डोंगराआड गेला आणि झाड हळूहळू विरघळलं. झोळ्या अलगद जमिनीवर उतरल्या. एकही बाळ जागं झालं नाही. अर्धी बाग तोडून झाली होती, अर्धी बाकी होती. बायका लेकरांना उचलून निघाल्या.

“बायांनो, उद्या याल ना?” अण्णा काकुळतीला आले. “पाया पडतो, उद्या या!”

“येऊ की,” तानूकाकी म्हणाली. “पण अण्णा, झोळी टांगायची कुठं?”

“म्हणजे? म्हणून येत नव्हता होय? मग आधी सांगायचं नाही का!”

“झाड तुमचं, कुऱ्हाड तुमची. आम्ही कोण बोलणार? आणि तुम्ही विचारलंत कुठं? ‘किती देऊ’ म्हणून सतरांदा विचारलंत. ‘काय हवं’ असं एकदा तरी विचारलंत का?”

अण्णा बुंध्यावर मटकन बसले. बसता बसता त्यांना कोंबाशी चमचमणारा उजेडाचा ठिपका दिसला. झुंबरनं त्यांना सगळं सांगितलं, परीचं, नियमांचं आणि उरलेल्या एका पानाचं.

“अगं मग माग ना, पोरी!” अण्णा ताडकन उठले. “उद्याचा एक दिवस सावली मिळाली की झालं! बाग वाचली नाही, तर पुढच्या वर्षी कुणाला आणि कसलं काम देणार मी? तुझ्या आईलासुद्धा?”

झुंबरनं त्या पानाकडे पाहिलं. तिला कोपऱ्यातलं गाठोडं आठवलं. डोंगरापलीकडचं गाव आठवलं. मागितलं तर उद्या आई बागेत येईल. नाही मागितलं तर? पण ते पान गळलं की कोंब सुकणार, परीचं घर जाणार आणि इथं पुन्हा कधीच सावली होणार नाही. तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून कोंब झाकला.

“नाही अण्णा. हे पान मी तोडणार नाही. याचं झाड होऊ दे.” मग नाक ओढत म्हणाली, “तुम्हीच घाला ना मांडव. लग्नात नाही का घालत? मांडवाच्या मेढीला झोळी टांगता येते.”

मग काय झालं असेल? अण्णांनी पागोटं काढलं आणि कोपरानं डोळे पुसले. “एवढं साधं होतं व्हय गं! आणि मी यंत्राला टॉवेल चारत बसलो.”

दुसऱ्या दिवशी बायका पोचायच्या आधीच अण्णा बागेत होते. झाड तोडून लावलेल्या त्या चार सऱ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी मोकळ्या केल्या. तिथं बांबू रोवले, वर उसाचं पाचट घातलं. गार पाण्याचा माठ ठेवला. सखूआजीला म्हणाले, “आजी, तू फुलं तोडू नको. लेकरं सांभाळ. मजुरी तीच.” कोंबाभोवती मात्र त्यांनी जागा मोकळी सोडली आणि दगडांचं गोल कुंपण केलं. मग ते प्रत्येकीपुढं हात जोडून उभे राहिले. “बायांनो, तुमच्यावाचून ही बाग म्हणजे नुसता रंग. आलात, लई उपकार झाले.”

हौसापाशी ते थांबले. “हौसा, तुला काय हवं?” आवाज इतका हळू, की हे अण्णाच का, असं वाटावं!

“बारा महिने काम हवं, अण्णा,” हौसा म्हणाली. “दसऱ्यापुरतं नको. म्हणजे पोरीला सोडून जावं लागणार नाही.”

“झेंडू सरला की शेवंती लावू. शेवंती सरली की मोगरा. तू आहेस म्हटल्यावर लावतोच!”

झुंबरनं ते ऐकलं आणि ती कोंबापाशी धावली. परी तिची वाटच पाहत होती. तिचे पंख आता झळाळत होते.

“झुंबर बाळा, तू माझं घर राखलंस. तिसरी इच्छा तू मागितलीच नाहीस, म्हणून ती मी माझ्या मनानं देते, आणि ही सूर्य मावळला तरी टिकेल.”

ती गर्रकन फिरली. सोनेरी, जांभळा, पोपटी उजेड कारंज्यासारखा उडाला आणि त्याचे कण कोंबावर पडले. एका पानाची चार झाली, चारांची दहा झाली. त्या उजेडात परी हसली, तिनं हात हलवला आणि ती उजेडातच मिसळून गेली. कोंब मात्र झुंबरच्या गुडघ्याएवढा उंच झाला होता.

बागेतलं शेवटचं फूल दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुटलं. दसऱ्याला अण्णा आपट्याची पानं घेऊन आधी वाडीत आले, देवळात नंतर गेले. सगळ्यांत आधी ते झुंबरच्या खोपटाशी थांबले. “सोनं घे गं, पोरी,” म्हणाले. झुंबरनं वाकून नमस्कार केला. दाराला झेंडूचं तोरण होतं आणि चुलीवर भात रटरटत होता.

आणि गाठोडं? ते आईनं मांडवाच्या पहिल्याच दिवशी सोडलं होतं. आतली भांडी फळीवर गेली. बाहेरचं जुनं हिरवं लुगडं तिनं झटकलं, दुहेरी केलं आणि मांडवाच्या मेढीला बांधलं. त्याची झाली गुंडूची झोळी. झुंबर तिला झोके देत होती.

झोळीत बाळ निजलं, करंजाला पान फुटलं. गोष्ट आमची निजली गं, तुमच्या दारी तोरण झुललं.