माशांचं बिऱ्हाड

जुनी इमारत पाडायची म्हणून बिल्डर घोरपडे रहिवाशांच्या मागे लागले होते, "आधी घरं रिकामी करा, पर्यायी घरांचं नंतर बघू." तिथल्याच शुभदाताई करंदीकरांनी आपली हिरव्यागार पाणवनस्पतींची पाच फुटी माशांची टाकी जड मनाने विकायला काढली. ती घोरपड्यांना ऑफिससाठी पसंत पडली.

"उद्याच न्यायला माणसं पाठवतो," ते म्हणाले.

"पाठवा. मासे बादलीत काढून ठेवते. टाकी तिकडे लागेल तेव्हा लागेल."

"असं कसं, ताई? मरतील ते. आधी तिकडे सगळी सोय करतो, मगच त्यांना इथून हलवा."

"मग तेवढ्यापुरते आम्हालाही मासेच समजा की," ताई हसून म्हणाल्या.

घोरपडे ओशाळले. पर्यायी घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हातात पडल्या, आणि मगच ताईंनी मासे हलवू दिले.