राजमुद्रेचा मानकरी

राणीसाहेबांच्या व्रताचं उद्यापन थाटात झालं आणि प्रसादाचा शिरा खारट निघाला. राजपुरोहितांनी पहिला घास घेतला. तो गिळवेना, आणि प्रसाद म्हणून थुंकवेनाही! नैवेद्य देवाच्या आधी कुणी चाखत नाही, तेव्हा आचाऱ्याला काय बोलणार? शोध घेतला तर केशवशेट वाण्याच्या साखरेच्या पोत्यात बारीक मीठ.

शेट म्हणाला, "महाराज, माझ्यापाशी राजमुद्रा होती. आपली मुद्रा बाळगणारा खोटा कसा असेल?"

राजा भद्रसेन अडकला. ती तांब्याची मुद्रा त्याच्याच डोक्यातून निघालेली. तिची नक्कल करणारा कारागीर अजून जन्मायचा होता. हुकूमही त्याचाच : मुद्रा खरी असेल त्याला आत सोडा, पुढे काही बघायचं नाही, विचारायचं नाही; मुद्रा नसेल तर राजाचा पाहुणा असला तरी अडवा. आता मुद्रेने दगा दिला म्हणावं, तर राजा चुकला. राजा तर चुकत नसतो. मग चुकला कोण? दारावरचा म्हातारा धोंडोजी.

"याला कुटुंबासकट राज्याबाहेर घालवा."

धोंडोजीची सून तुळसा पदर सावरून पुढे झाली. घरी तान्हं लेकरू, अंथरुणाला खिळलेली सासू. जायचं तरी कुठे?

"महाराज, पोतं उघडून बघायला हुकुमातच मनाई होती. मामंजींनी हुकूम पाळला."

"म्हणजे माझा हुकूम चुकीचा?"

"असं मी कशी म्हणेन? मी आपली चूल सांभाळणारी बाई."

"मग दाखवूनच दे. मुद्रा खरी, पहारेकऱ्यांनी हुकुमाचा शब्दही मोडायचा नाही, आणि तरी नको ते दारातून आत आलं पाहिजे. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर गाठोडं बांध." राजाने एक मुद्रा तिच्यापुढे टाकली. "ही घे, आत यायला लागेल."

तुळसाने घरी येऊन देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले, आणि ती शेजारच्या कुंभाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला होता. बाहेर भालदाराने ललकारी दिली, पहारेकऱ्यांनी मुजरे केले, आणि गळ्यात राजमुद्रा घातलेलं एक गाढव शांतपणे आत आलं. प्रधानजींच्या बैठकीवरचा हार त्याने हुंगला आणि खायला सुरुवात केली.

"हे कुणी आत सोडलं?" राजा ओरडला.

"आम्हीच, महाराज," पहारेकरी म्हणाला. "मुद्रा तीनदा तपासली. अस्सल आहे."

"ती तुळसा कुठे आहे?"

"बाहेर अडवलीय. तिच्यापाशी मुद्रा नाही."

"तिला आधी आत आणा!"

"मुद्रेशिवाय कशी आणू, महाराज? हुकूम आहे."

राजाने दरबाराकडे पाहिलं. दरबार छताकडे पाहू लागला. शेवटी राजा स्वतः सिंहासनावरून उतरला, गाढवाच्या गळ्यातली मुद्रा आपल्या हातांनी सोडवली आणि बाहेर पाठवली. तेव्हा कुठे तुळसा आत आली.

राजा पहारेकऱ्यावर गरजला, "अरे, मुद्रा खरी असेल, पण हे गाढव आहे एवढं दिसलं नाही तुला?"

उत्तर तुळसानेच दिलं. "दिसलं असेल, महाराज. मामंजींनाही पोत्यातलं मीठ दिसलं असतं. मुद्रेवर लिहिलंय, माणूस आपला आहे. त्याने आणलंय काय, हे ती बिचारी कशी सांगणार? ते बघणाऱ्याचेच डोळे आपण बांधून ठेवलेत."

राजाने एकदा हार चघळणाऱ्या गाढवाकडे पाहिलं, एकदा प्रधानजींकडे, आणि त्याला असं हसू फुटलं की मुकुट सावरावा लागला.

धोंडोजी दाराचा मुख्य झाला. मुद्रा बघायची आणि पोतंही उघडून बघायचं, मग ते राजाचं असो की रंकाचं. केशवशेटची मुद्रा गेली. तुळसाला राणीसाहेबांनी भरजरी साडी नेसवून ओटी भरली, राजाने दुभती गाय दिली.

देव जसा तुळसाच्या दारी उभा राहिला, तसा तुमच्याही दारी राहो. त्याला मात्र मुद्रा विचारू नका.